ढेकणांचे संग्रहालय

बर्लिनला जाऊन आलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. भिंत पाहिलीत का, आणि तिचा तुकडा आणलात का? भिंत मी पाहिली. जेवढी उरली आहे तेवढी पाहिली. तुकडा मात्र आणला नाही. दुकानातून मांडलेले ते रंगीत खडे पाहून सौ. म्हणाली, "अहो, गच्चीचं काम झालं तेव्हा याहून चांगले खडे आपण पैसे देऊन उचलून नेववले!" तेव्हा भिंतीविषयी मी काही लिहीत नाही. मी लिहिणार आहे ते भिंतीच्या कानांविषयी. हे कान नुसते म्हणीतले नाहीत. बर्लिनमध्ये ते काचेच्या कपाटात मांडून ठेवलेले आहेत आणि तिकीट काढून पाहता येतात.

आमची मुलगी आणि जावई बर्लिनच्या पूर्व भागात राहतात. दोघेही दिवसभर कामावर. त्यामुळे सकाळी डबा भरून बाहेर पडायचे आणि दिवे लागायच्या सुमारास परतायचे, असा आम्हा म्हाताऱ्यांचा परिपाठ. एका सकाळी आलेक्सांडरप्लाट्झहून भुयारी गाडीची पाच नंबरची लाईन धरली. सातवे स्थानक माग्दालेनेनश्ट्रासे. वर येऊन चार पावले चालले की करड्या, चौकोनी, सरकारी इमारतींचा एक मोठा जथा लागतो. दिसायला अगदी आपल्या एखाद्या जिल्हा कचेरीसारखा. फुलझाड नाही, नक्षी नाही, कसला डौल नाही. पण १९९० पूर्वी या रस्त्यावरून जाताना माणसे आवाज आपोआप खाली आणीत असत, असे म्हणतात. पूर्व जर्मनीच्या राज्यसुरक्षा खात्याचे, म्हणजे 'श्टाझी'चे, हे मुख्य ठाणे.

हे खाते १९५० साली स्थापन झाले आणि १९५७ पासून १९८९ पर्यंत एरिश मिल्के नावाचा एकच मंत्री त्यावर बसून होता. १९८९ च्या नोव्हेंबरात भिंत पडली, आणि १५ जानेवारी १९९० रोजी लोकांचा लोंढा या आवारात शिरला. त्याच वर्षी मिल्केच्या कचेरीच्या इमारतीत संग्रहालय उघडले. त्याची खोली होती तशीच ठेवली आहे. लाकडी तावदाने, टेबलावर टेलिफोन, शेजारी विश्रांतीची खोली. एका चिठ्ठीपाशी मात्र सौ. बराच वेळ उभी राहिली. मंत्रिमहाशयांची न्याहरी कशी मांडायची, ताटलीच्या कोणत्या बाजूला काय ठेवायचे, याचा सेक्रेटरीबाईंनी केलेला तो नकाशा होता. अंडी किती मिनिटे उकडायची तेही त्यात लिहिलेले. साडेचार. "सगळ्या देशाच्या चुलीपाशी कान लावून बसलेल्या माणसाची स्वतःची चूल बघा!" ती म्हणाली.

खालच्या मजल्यावर एक बंद मोटार उभी आहे. बाहेरून साधी मालवाहू, आत कैद्यांसाठी खिडकी नसलेले कोंदट कप्पे. वरच्या दालनांत कॅमेऱ्यांचा बाजारच मांडला आहे. झाडांना पाणी घालायच्या झारीत कॅमेरा, झाडाच्या ओंडक्यात कॅमेरा, कोटाच्या बटणामागे कॅमेरा. मुले हे पाहून हसतात, आणि हसू येण्यासारखेच ते आहे. पण पलीकडच्या कपाटात नखाएवढे, सुपारीएवढे, काडेपेटीएवढे मायक्रोफोन ठेवले आहेत, तिथे कोणी फारसे हसत नाही.

या लपवलेल्या मायक्रोफोनला जर्मन लोक 'वान्झे' म्हणतात. मी मुलीला विचारले, वान्झे म्हणजे काय ग? ती म्हणाली, "बाबा, ढेकूण!" मला हे नाव फार आवडले. ढेकणाचे सगळे गुण त्यात आहेत. तो दिसत नाही, तो फटीत राहतो, तो माणसाच्या अंथरुणापर्यंत येतो, आणि एकदा घरात ढेकूण आहे असा नुसता संशय आला, की ढेकूण नसला तरी झोप लागत नाही. लोकांनी या खात्याला ठेवलेले टोपणनावही असेच मार्मिक होते: 'होर्ख उंड गुक'. म्हणजे 'ऐक आणि बघ'. वाचकहो, क्रम ध्यानात घ्या. आधी ऐक, मग बघ.

खात्याच्या दप्तरी भाषेत टेलिफोनवर कान लावणे याला 'अ' उपाय म्हणत, आणि घरात ढेकूण सोडणे याला 'ब' उपाय. १९८९ साली सुमारे १ कोटी ६० लाख वस्तीच्या त्या देशात या खात्याचे पगारी नोकर ९१ हजार होते. शिवाय शेजारीपाजारी, कचेरीतले सोबती, नातलग अशांपैकी सुमारे १ लाख ८९ हजार माणसे गुपचूप खबरी देत. त्यांनी जमवलेले कागद एका ओळीत उभे केले तर १११ किलोमीटर भरतात. पुण्याहून निघालेली ती ओळ साताऱ्याला पोहोचेल. शेवटच्या दिवसांत अधिकाऱ्यांनी कागद फाडायला घेतले. त्या चिंध्यांची सुमारे १६ हजार पोती लोकांच्या हाती लागली, आणि ते तुकडे जुळवण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले.

हे कागद ज्याचे त्याला वाचायला द्यावेत असा कायदा १९९१ च्या अखेरीस झाला, आणि १९९२ च्या जानेवारीपासून लोक आपापली फाइल वाचू लागले. आजवर तीस लाखांहून अधिक अर्ज आले आहेत. मुलीच्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजीबाईंनीही अर्ज केला होता. आता त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. सौ. त्यांना रव्याचा लाडू देऊन आली, त्या सफरचंदाचा केक घेऊन आल्या, आणि मुलीला मध्ये दुभाषी बसवून आमच्या गप्पा सुरू झाल्या.

त्यांचा भाऊ पश्चिमेला पळून गेला होता, म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात ढेकूण सोडला होता. फाइलीत त्यांना काय मिळाले असे मी विचारले. माझी कल्पना, काही भयंकर कट, काही फितुरी सांगतील. त्या म्हणाल्या, "फार काही नाही. मी काय बोलते ते मला ठाऊकच होतं. ज्यांनी खबर दिली त्यांच्याविषयी संशयही होता. पण एका कागदावर वेळा घालून टिपण केलं होतं. अमक्या वाजता नळाचं पाणी. अमक्या वाजता भांड्यांचा आवाज. आणि मग, 'वयस्क स्त्री गुणगुणते. शब्द कळत नाहीत.' ती माझी आई. ती गुणगुणत असे हे मी विसरून गेले होते. तिची ती आठवण मला त्या माणसाच्या कागदातून परत घ्यावी लागली."

मुलीने हे भाषांतर करून सांगितले आणि मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

याच सुमारास पुण्याहून आमच्या गृहसंस्थेच्या गटावर एक संदेश येऊन पडला. आवारातून दोन सायकली आणि एक गॅसची शेगडी चोरीला गेली होती. तेव्हा सोळा कॅमेरे बसवायचे ठरत होते. अंधारात दिसणारे, तीस दिवसांचे चित्रण साठवणारे, आणि खाली ठळक अक्षरांत, 'आवाजासह'. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. मी कार्यकारिणीचा सभासद. परदेशी असलो तरी माझे मत मागितले होते.

आवाज कशासाठी, तर रखवालदार उलट बोलतो अशी दोन सभासदांची तक्रार होती. म्हणजे पुरावा राहील. जिन्यात पोरे शिव्या देतात. म्हणजे कळेल कोणती. शिवाय, अध्यक्षांनी लिहिले होते, आवाजाला वेगळा खर्च नाही. कॅमेऱ्यात तो असतोच. हे मात्र अगदी खरे आहे. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा कॅमेऱ्यांत भिंगाच्या खाली टाचणीच्या टोकाएवढे एक भोक असते; त्यामागे मायक्रोफोन असतो, आणि तो बहुधा चालूच येतो. घेणाऱ्याला ते भोक दिसतही नाही.

बर्लिनमध्ये हा प्रश्न कसा सोडवला आहे, असे मी जावयांना विचारले. ते म्हणाले, "इथे प्रश्नच नाही. आवाज घेतलात तर तुरुंग." मला वाटले थट्टा करतात. पण नाही. जर्मन दंडसंहितेचे कलम २०१ सांगते, की जे बोलणे चारचौघांसाठी नाही ते परवानगीवाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. या कायद्याचे मूळ श्टाझीत नाही. टेपरेकॉर्डर घरोघर येऊ लागले तेव्हा, १९६७ साली, पश्चिम जर्मनीने तो केला. त्यामुळे दुकानाच्या दारावर 'येथे चित्रण चालू आहे' अशी पाटी दिसते, पण आत दोन मैत्रिणी पोलक्याच्या कापडावरून काय बोलतात, ते त्या कॅमेऱ्याला ऐकू येता कामा नये. चोर पकडायला तोंड पुरे. तोंडातले शब्द कशाला?

एवढ्या करड्या शिक्षेचे कारण मला त्या रात्री थोडे उमगले. चित्र आणि आवाज ही जुळी भावंडे आपण समजतो. ती तशी नाहीत. कॅमेरा समोर पाहतो. त्याच्या पाठीमागे उभे राहिले, भिंतीआड गेले, पडदा ओढला, की संपले. आवाज तसा नसतो. माणसाच्या बोलण्यातल्या लहरी वीतभरापासून हातभर, दोन हातांपर्यंत लांब. त्या दाराच्या कडेला वळसा घालून जातात, जिन्यातून चढतात, उघड्या खिडकीतून उतरतात. प्रकाशाची लहर इतकी बारीक, की तिला असे वळता येत नाही. म्हणून जिन्यातल्या कॅमेऱ्याला तुमचे घर दिसत नाही, पण दार किलकिले असले तर तुमचे भांडण ऐकू येते. आपण कॅमेऱ्यापुढे केस सारखे करतो. पाठीमागे चाललेले बोलणे सारखे करावे हे सुचतच नाही.

इंग्लंडातल्या ऑक्सफर्डच्या न्यायालयापुढे २०२१ साली शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा असाच एक खटला आला होता. एकाने चोरीच्या भीतीने दारावर आणि आवारात कॅमेरे बसवले. ते चाळीस फुटांपलीकडचे बोलणेही टिपू शकत होते. न्यायालयाने म्हटले, चोरी रोखायला एवढे ऐकण्याची गरज नाही. चित्रापेक्षाही हा आवाजच अधिक आक्षेपार्ह आहे.

आणखी एक गोष्ट त्या संग्रहालयात ध्यानात आली. श्टाझीला सर्वांत मोठी अडचण होती ती कानांची. ढेकूण हवे तेवढे; पण ते ऐकायला माणूस बसवावा लागे, त्याने टिपण करावे, दुसऱ्याने टंकावे, तिसऱ्याने फाइल लावावी. एका घरासाठी इतकी माणसे. म्हणून त्यांना निवडावे लागे. आज तीच अडचण उरलेली नाही. दिवसभराचा आवाज साध्या रीतीने साठवला तर तो सातशे मेगाबाइटच्या आसपास भरतो. आणि यंत्र बोलण्याचे अक्षर करते. 'सासू' एवढा शब्द टाकला, की महिन्याभरात तो कोणी, कधी, कोणत्या जिन्यात उच्चारला हे चुटकीसरशी काढता येईल. मिल्केसाहेबांना हे मिळते, तर त्यांनी अंडे पाच मिनिटे उकडायला सांगितले असते. त्यांना फुरसत मिळाली असती.

हे सारे मी संस्थेच्या गटावर लिहिले नाही. तिथे लांबलचक लिहिणाऱ्याकडे लोक शंकेने पाहतात. आवाजाला माझी हरकत आहे, परत आल्यावर सभेत बोलेन, एवढेच कळवले.

सभा झाली ती वाहनतळात, नेहमीच्या लाल खुर्च्यांवर. अध्यक्ष सज्जन गृहस्थ, हट्टी नाहीत. त्यांनी पहिलाच मुद्दा मांडला: "ज्याला काही लपवायचं नाही त्यानं भ्यायचं कशाला?" मी उत्तर जुळवतो आहे तोच मागच्या रांगेतून तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "न्हाणीघराला कडी लावता ना हो? ती काय चोरीचा माल दडवायला?" सभा हसली, आणि माझे अर्धे काम झाले.

मग मी बकुळीच्या पाराविषयी बोललो. आमच्या फाटकाशी बकुळीचे झाड आहे आणि त्याला सिमेंटचा पार बांधलेला आहे. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या इमारतीतली कोणी ना कोणी सून तिथे बसून माहेरी फोन करते. घरात दोन खोल्या, माणसे सहा, बोलायचे कुठे? ती काय बोलते ते मला ठाऊक नाही. कधी हसते, कधी डोळे पुसते, आणि मग कोथिंबिरीची जुडी उचलून वर जाते. फाटकाचा कॅमेरा या पारापासून दहा पावलांवर येणार होता. आणि त्याचा आवाज जाणार होता रखवालदाराच्या खोलीतल्या पडद्यावर आणि कार्यकारिणीच्या पाच सभासदांच्या मोबाइलवर. म्हणजे माझ्याही. "उद्या ती सून पारावर बसायची थांबली," मी म्हणालो, "तर तक्रार करणार नाही. नुसती थांबेल. आपल्याला कळणारही नाही आपण काय बंद केलं ते."

आमच्यात एक वकील आहेत. त्यांनी कायदा सांगितला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला, की खासगीपण हा भारतीयाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले. एखादी व्यक्ती निव्वळ स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती ठेवते, तिला त्यातून सूट आहे. "पण चाळीस बिऱ्हाडांची संस्था म्हणजे काही एका व्यक्तीचं घर नव्हे," ते म्हणाले. "त्या सवलतीवर विसंबू नका." जर्मनीसारखे सरळ, धारदार कलम मात्र आपल्याकडे नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

कोषाध्यक्षांनी तेव्हा एक चांगला प्रश्न काढला. पोलीस ठाण्यांत आवाजाचे कॅमेरे बसवा असे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले ना? सांगितले आहे, २ डिसेंबर २०२० चा तो आदेश. देशातल्या प्रत्येक ठाण्यात चित्र आणि आवाज दोन्ही टिपणारे कॅमेरे हवेत, आणि ते मुद्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपून ठेवावे. पण या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीत, असे मला वाटते. कोठडीतला माणूस एकटा आणि दुबळा. तिथे आवाज टिपायचा तो बळी पडणाऱ्याच्या बाजूने, सत्तेच्या कानफटीपासून त्याला वाचवायला. पारावरची सून आणि फाटकावरचा रखवालदार यांच्या बाबतीत कान कोणाचा आणि तोंड कोणाचे, हे ज्याने त्याने पाहावे. ज्याच्याजवळ किल्ली, त्याचे ऐकले जावे. ज्याच्याजवळ किल्ली नाही, त्याला बोलू द्यावे. एवढा हिशेब कोणत्याही कायद्याच्या पुस्तकाशिवाय कळतो.

रखवालदाराचे म्हणणेही ऐकावे, असे कोणीतरी सुचवले. तो खुर्च्या मांडून कोपऱ्यात उभा होता. तो एवढेच म्हणाला, "साहेब, रात्री दोनला झोप येऊ नये म्हणून मी गावाकडची गाणी म्हणतो. ती तेवढी कुणी ऐकू नयेत." मला एकदम बर्लिनच्या त्या आजीबाईंची आई आठवली, पण त्या सभेत ती गोष्ट सांगणे माझ्याच्याने झाले नाही.

मत घेतले. चित्र असावे, आवाज नसावा. फाटकावर पाटी लावावी. मुद्रण तीस दिवसांऐवजी पंधरा दिवस ठेवावे. आणि ते कोणी, कधी, का पाहिले याची वही ठेवावी. तीन हात विरुद्ध गेले, तेही रागाने नव्हेत.

पुढच्या रविवारी कॅमेरेवाला आला. आवाज बंद करा म्हटल्यावर तो बुचकळ्यात पडला. "बंद केलात तरी पैसे तेवढेच पडतील," असे त्याने दोनदा बजावले. मग मोबाइलवर खटखट करून सोळाही कॅमेऱ्यांचा आवाज त्याने बंद केला. बंद झाला याची खात्री काय, असे आजींनी विचारले. तेव्हा आमचे अध्यक्ष, आयुष्यात कधी चारचौघांत न गायलेले, फाटकाच्या कॅमेऱ्याखाली उभे राहिले आणि त्यांनी हात पसरून एक आख्खे नाट्यपद म्हटले. आम्ही सारे रखवालदाराच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहून नंतर ते पाहिले. पडद्यावर अध्यक्षांचे तोंड उघडत होते, मिटत होते, मान डोलत होती, तान घेताना डोळे मिटले होते. आवाजाचा टिपूस नव्हता.

"वा!" आजी म्हणाल्या, "असं गाणं आम्ही महिनाभरसुद्धा ऐकू."